भूगोल संस्थेचे अध्यक्षपद हाती घेताना: ग्रॅहम बेल यांच्या पहिल्या पाच वर्षांचा वस्तुपाठ

ज्यांच्याकडे एखाद्या भूगोल मंडळाचे अध्यक्षपद नुकतेच आले आहे, किंवा येत्या वार्षिक सभेत येण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. अशी लहानमोठी मंडळे आपल्याकडे अनेक ठिकाणी आहेत. काही भूगोलाच्या शिक्षकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली आहेत, तर काही नदी, दुर्ग किंवा घाटवाटा यांच्या अभ्यासातून उभी राहिली आहेत. बहुतेकांची स्थिती सारखीच असते. स्थापनेच्या वेळचा उत्साह ओसरलेला असतो, नियतकालिक निघते पण त्याचे वाचक वाढत नाहीत, वर्गणी थकलेली असते, आणि संस्थापक अध्यक्ष गेल्यावर ‘आता तुम्हीच सांभाळा’ असा आग्रह एखाद्या मान्यवर व्यक्तीला होतो. १८९८च्या जानेवारीत वॉशिंग्टन शहरात नेमके हेच घडले. ज्यांना हा आग्रह झाला ते टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल होते, आणि संस्था होती नॅशनल जिओग्राफिक सोसायटी.

बेल यांनी हे पद १९०३पर्यंत सांभाळले. आज जगभर ओळखली जाणारी ही संस्था त्या वेळी कर्जात होती, हे आता कुणाला खरेही वाटणार नाही. तिला सावरण्यासाठी त्यांनी जे निर्णय घेतले ते नव्या अध्यक्षाने एकेक करून तपासावेत असे आहेत. माझ्या मते त्यांतले दोन निर्णय मुळाशी आहेत. वाचकाला ग्राहक न मानता सदस्य मानावे हा पहिला, आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या एका माणसाला अधिकार देऊन त्याच्या पाठीशी उभे राहावे हा दुसरा. बाकीच्या गोष्टी या दोहोंतून निघतात, म्हणून या लेखातही त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

पद स्वीकारण्यापूर्वी दप्तर पाहावे

नॅशनल जिओग्राफिक सोसायटीची पहिली बैठक १३ जानेवारी १८८८ रोजी वॉशिंग्टनमधील कॉसमॉस क्लबमध्ये झाली. भूगर्भशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, लष्करी अधिकारी, शोधप्रवासी अशी ३३ माणसे तिथे जमली होती. भूगोलविषयक ज्ञानाची वाढ आणि प्रसार हे उद्दिष्ट ठरले आणि गार्डिनर ग्रीन हबर्ड हे पहिले अध्यक्ष झाले. हबर्ड हे वकील आणि उद्योजक होते. आपण शास्त्रज्ञ नाही आणि भूगोलतज्ज्ञ म्हणवून घेण्याजोगे काही विशेष ज्ञान आपल्याकडे नाही, हे त्यांनी आरंभीच्या भाषणातच सांगून टाकले होते. संस्थेचे नियतकालिक ऑक्टोबर १८८८मध्ये सुरू झाले. त्यात भूरूपांच्या वर्गीकरणासारखे, तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेले निबंध असत. आरंभी ते अनियमितपणे निघे. १८९६पासून ते मासिक झाले आणि दुकानांतूनही विकले जाऊ लागले. पण १८९७च्या डिसेंबरात हबर्ड यांचे निधन झाले तेव्हा संस्थेचे सदस्य जेमतेम एक हजार होते आणि डोक्यावर सुमारे दोन हजार डॉलरचे कर्ज होते.

बेल हे हबर्ड यांचे जावई. पन्नाशीला आलेले, कर्णबधिरांच्या शिक्षणात आणि आकाशात माणूस नेऊ शकेल अशा पतंगांच्या प्रयोगांत गुंतलेले. अध्यक्षपदाची हौस त्यांना नव्हती. सासऱ्यांनी उभी केलेली संस्था बुडू नये एवढ्यासाठीच ते तयार झाले. मात्र नियतकालिक चालवण्याचा खर्च काय असतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, कारण त्याआधी हबर्ड आणि बेल यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकाला काही वर्षे स्वतःच्या पैशाने चालवून त्यात मोठे नुकसान सोसले होते. त्यामुळे सद्भावना आणि देणग्या यांच्या बळावर मासिक तगत नाही, हे गृहीत धरूनच त्यांनी कामाला सुरुवात केली.

हेच गृहीत धरून नव्या अध्यक्षाने होकार देण्यापूर्वी चार गोष्टी मागून घ्याव्यात: संस्थेची घटना, सदस्यांची नोंदवही, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि कार्यकारिणीचे इतिवृत्त. यांतली नोंदवही सर्वांत काळजीपूर्वक वाचावी. मी ज्या एका मंडळाचे काम जवळून पाहिले, तिथे छापील अहवालातील सदस्यसंख्या आणि त्या वर्षी प्रत्यक्ष वर्गणी भरलेल्यांची संख्या यांत इतके अंतर होते की अंक किती छापावेत याचा अंदाज दर वेळी चुकत असे. दिवंगत झालेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची आणि वर्षानुवर्षे वर्गणी न भरणाऱ्यांची नावे वेगळी काढल्यावर जी संख्या उरते, तीच संस्थेची खरी संख्या होय.

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासांना आणखी एक गोष्ट लागू होते. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की बदल झाल्याच्या दिनांकापासून नव्वद दिवसांच्या आत त्याची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम २२ची ही तरतूद असून व्यवहारात या अर्जाला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. आधीच्या कार्यकारिणीचे चेंज रिपोर्ट प्रलंबित असतील, तर नव्या अध्यक्षाच्या सहीवर बँकेतले खाते चालवण्यापासूनच अडचणी सुरू होतात. म्हणून इतिवृत्त वाचताना प्रत्येक बदलाची नोंद कुठपर्यंत पोहोचली आहे, हेही पाहावे.

संस्था कोणासाठी आहे, हे ठरवावे

हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो आणि ‘सर्वांसाठी’ असे उत्तर देऊन तिथेच मिटवला जातो. तो मिटवू नये. त्याचे उत्तर चुकले की काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. लंडनची रॉयल जिओग्राफिकल सोसायटी १८३०मध्ये स्थापन झाली आणि पाठोपाठ १८३१मध्ये मुंबईत बॉम्बे जिओग्राफिकल सोसायटी सुरू झाली. तिचे आरंभीचे अध्यक्ष सर चार्ल्स माल्कम हे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे प्रमुख होते. तांबडा समुद्र, अरबस्तानचा किनारा, इराणचे आखात यांचे सर्वेक्षण करणाऱ्या आरमारी अधिकाऱ्यांचे वृत्तान्त संस्थेच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात छापले जात आणि त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु संस्थेचा आधार मुख्यतः त्याच अधिकारीवर्गाचा होता. १८६३मध्ये ते आरमार बरखास्त झाले आणि पुढे दहा वर्षांत, १८७३मध्ये, ही संस्था रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध जोडणे हे माझे अनुमान आहे, पण ज्या संस्थेचे लेखक आणि वाचक एकाच खात्यातून येतात, तिचे आयुष्य त्या खात्याच्या आयुष्याएवढेच असते असे मला वाटते.

वॉशिंग्टनची संस्थाही याच वाटेने चालली होती. तिचे आधारस्तंभ सरकारी सर्वेक्षण, हवामान आणि शेती या खात्यांतले अधिकारी होते. व्याख्यानांना शहरातले लोक येत, पण मासिक मात्र त्या लोकांना वाचवत नसे. बेल यांनी भूमिका घेतली की भूगोल हा विषय सामान्य सुशिक्षित माणसाच्या कुतूहलाचा आहे आणि जग व जगात जे जे आहे ते सारे त्याच्या कक्षेत येते. संशोधकांना त्यांनी दूर केले नाही. संशोधकाने काय पाहिले ते घरी बसलेल्या माणसाला सांगणे हे संस्थेचे काम आहे, एवढेच त्यांनी ठरवले. आपल्या मंडळाच्या बाबतीत हे ठरवताना एक सोपी कसोटी लावावी. मागचा अंक एखाद्या एसटी वाहकाच्या, परिचारिकेच्या किंवा बारावीतल्या विद्यार्थिनीच्या हाती द्यावा आणि त्यांनी तो कुठपर्यंत वाचला ते विचारावे.

ग्राहक नको, सदस्य हवा

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १८९८च्या सुमारास अमेरिकेत स्वस्त, सचित्र मासिकांची लाट आली होती आणि दुकानांतून त्यांची मोठी विक्री होत होती. तशी विक्री आपल्या मासिकाचीही व्हावी, हा विचार अनेकांना स्वाभाविक वाटत होता. बेल यांनी वेगळी दिशा घेतली. लोकांनी मासिक विकत घेऊ नये, संस्थेचे सदस्य व्हावे, आणि सदस्य झाल्यामुळे मासिक त्यांच्या घरी यावे, अशी त्यांची कल्पना होती. वरवर पाहता पैसे तेवढेच आणि अंकही तोच. पण देणाऱ्याच्या मनातला भाव पूर्ण बदलतो. शोधमोहिमा पाठवणाऱ्या, व्याख्याने घडवणाऱ्या एका संस्थेत आपला वाटा आहे, असे त्याला वाटते, आणि पुढच्या वर्षी वर्गणी थांबवताना तो अंक आवडला की नाही एवढाच विचार करत नाही.

यामागचे हिशेबाचे गणित नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण कार्यकारिणीला ते पटवून द्यावे लागते. दुकानातल्या विक्रीत दर महिन्याला नव्याने ग्राहक मिळवावा लागतो, विक्रेत्याला वाटा द्यावा लागतो, न खपलेले अंक परत येतात आणि छापखान्याचे बिल मात्र पूर्ण छपाईचे असते. सदस्याची वर्गणी वर्षाच्या आरंभीच हाती येते. किती प्रती छापायच्या हे आधी कळते, कागद एकदम घेता येतो, आणि संपादकाला बारा महिन्यांचा विचार करता येतो. लहान संस्थेकडे भांडवल नसते. आगाऊ आलेली वर्गणी हेच तिचे भांडवल असते. म्हणूनच वर्गणी वर्षाअखेरीस गोळा करण्याची जी सवय आपल्याकडच्या मंडळांत दिसते, ती पहिल्याच वर्षी मोडावी.

सदस्य मिळवायचे कसे? बेल यांची पद्धत शिफारशीची होती. विद्यमान सदस्यांनी आपल्या परिचितांची नावे सुचवायची, आणि मग संस्थेने त्या व्यक्तीला पत्र पाठवून कळवायचे की सदस्यत्वासाठी आपल्या नावाची शिफारस झाली आहे. बेल यांनी स्वतःच्या मित्रमंडळींची नावेही या कामासाठी दिली. या पत्रात विक्रीची भाषा नव्हती, निमंत्रणाचा मान होता. सदस्यत्व निवडक लोकांपुरते आहे असे पत्र वाचणाऱ्याला वाटे, प्रत्यक्षात मात्र दार जवळजवळ सर्वांना उघडे होते. यात थोडी चतुराई आहे हे खरे, पण फसवणूक नाही, कारण शिफारस करणारा माणूस खरा असे.

ही पद्धत आजही जशीच्या तशी वापरता येते. प्रत्येक सदस्याकडून पाच नावे घ्यावीत. नावापुढे त्या व्यक्तीचा व्यवसाय आणि आवडीचा विषय लिहून घ्यावा. पत्र अध्यक्षाच्या सहीने, त्या व्यक्तीच्या नावाने जावे आणि त्यात शिफारस कोणी केली ते स्पष्ट असावे. पत्राचा मजकूर साधारण असा असावा: “आपले स्नेही आणि आमचे सदस्य यांनी आपल्या नावाची शिफारस केली आहे. आपल्या तालुक्यातील जुन्या पाणवठ्यांच्या नोंदी करण्याचे काम मंडळाने यंदा हाती घेतले आहे. त्यात आपण सहभागी व्हावे, अशी विनंती आहे.” मोबाईलवरच्या समूहात टाकलेल्या एकाच संदेशाने हे साधत नाही. शंभर जणांना एकदम पाठवलेले निमंत्रण कोणालाच आपले वाटत नाही. आणि पत्रात चालू वर्षाच्या एका ठोस कामाचा उल्लेख असलाच पाहिजे, नाहीतर माणूस सदस्य कशाचा होतो आहे हेच त्याला कळत नाही.

शिफारशीच्या पद्धतीत एक धोका आहे. सदस्य आपल्यासारख्यांचीच नावे सुचवतात आणि संस्था पुन्हा एकाच वर्तुळात फिरू लागते. तो टाळण्यासाठी अध्यक्षाने स्वतःची नावे मुद्दाम वर्तुळाबाहेरून आणावीत. या बाबतीत वॉशिंग्टनच्या संस्थेची एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एलायझा सिडमोर या प्रवासलेखिका १८९०मध्ये सदस्य झाल्या आणि दोनच वर्षांत संचालक मंडळावर आल्या. त्या काळच्या विद्वत्सभांत हे सहज घडणारे नव्हते. पुढे त्यांचे लेखन आणि छायाचित्रे दोन्ही मासिकाला मिळाली.

एक पूर्णवेळ माणूस

पहिले वर्षभर बेल यांना हवी तशी गती आली नाही. सगळे काम मानद होते. संपादक जॉन हाइड हे सरकारी शेती खात्यात संख्याशास्त्रज्ञ होते आणि फावल्या वेळात मासिक पाहत. त्यांच्या कष्टांत उणे काढण्याचे कारण नाही, पण फावल्या वेळातून मासिक वाढत नाही. तेव्हा बेल यांनी एक तरुण पूर्णवेळ नेमायचे ठरवले. अमहर्स्ट महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक एडविन ग्रोव्हनर त्यांच्या परिचयाचे होते आणि त्यांना जुळे मुलगे होते. त्यांच्यापैकी गिल्बर्ट हा न्यू जर्सीतल्या एका शाळेत शिकवत होता. तो तयार झाला, आणि १ एप्रिल १८९९ रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी कामावर रुजू झाला. त्याचा पगार दरमहा शंभर डॉलर होता आणि तो संस्थेला परवडत नसल्यामुळे बेल स्वतःच्या खिशातून देत होते.

पहिल्या दिवशी बेल त्याला कार्यालय दाखवायला घेऊन गेले. कार्यालय म्हणजे भाड्याच्या एका लहान खोलीचा अर्धा भाग, त्यात मोडकळीला आलेल्या दोन खुर्च्या, एक छोटे टेबल आणि न खपलेल्या अंकांचे गठ्ठे. लिहायला धड मेज नाही हे पाहून बेल यांनी आपले स्वतःचे मेज त्याच्याकडे पाठवून दिले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. जगप्रसिद्ध माणूस अध्यक्ष झाला की संस्थेला त्याचे नाव मिळते, पण कामाच्या माणसाला बसायला जागा लागते, आणि ती पाहण्याचे काम अध्यक्षाचे असते हे बेल यांनी ओळखले. आपल्या मंडळांत स्मृतिचिन्हांवर, शालींवर आणि मंडपावर खर्च होतो आणि कार्यालयात बसणाऱ्या माणसाला मानधनही वेळेवर मिळत नाही. नव्या अध्यक्षाने पहिल्या अंदाजपत्रकात हा क्रम उलटा करावा.

माणूस कसा निवडावा याबद्दलही या नेमणुकीतून काही सांगता येते. ग्रोव्हनर भूगोलाचा पदवीधर नव्हता. त्याचा जन्म कॉन्स्टॅन्टिनोपलचा (आजचे इस्तंबूल), बालपण तिथेच गेलेले, भाषा चांगली, श्रमाची तयारी पूर्ण. पत्ते लिहिण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत आणि मुद्रितांपासून हिशेबापर्यंत सगळे तो करी. विषयाचे तज्ज्ञ कार्यकारिणीत असतातच, म्हणून कार्यालयात असा माणूस हवा ज्याला लिहिता येते, ज्याला माणसे जोडता येतात आणि ज्याला दिलेली तारीख पाळण्याचे महत्त्व कळते. पूर्णवेळ शक्य नसेल तर आठवड्याचे ठरावीक दिवस ठरवून अर्धवेळ नेमावे, पण मोबदला ठरलेला आणि लेखी असावा. अधिकारही लेखी असावेत: किती रकमेपर्यंतचा खर्च तो स्वतः करू शकतो, मजकुराचा अंतिम निर्णय कोणाचा, छापखान्याशी बोलणी कोण करणार.

बेल यांच्या व्यवस्थेतला दोषही सांगितला पाहिजे. अध्यक्षाने नोकराचा पगार खिशातून दिला की तो माणूस संस्थेचा राहत नाही, अध्यक्षाचा होतो. त्यात पुढे ग्रोव्हनर आणि बेल यांची कन्या एल्सी यांचा २३ ऑक्टोबर १९०० रोजी लंडनमध्ये विवाह झाला. सासरे, मग जावई, मग त्यांचे जावई अशी परंपरा तयार झाली. वॉशिंग्टनमध्ये ती फळली, कारण तिघेही आपापल्या जागी कर्तबगार निघाले. तिचे अनुकरण मात्र करू नये. अध्यक्षाला मदत करायचीच असेल तर त्याने रीतसर देणगी द्यावी, पावती घ्यावी, आणि पगार संस्थेच्या खात्यातून, कार्यकारिणीच्या ठरावाने द्यावा. आपल्याकडे अनेक न्यास कौटुंबिक मालमत्ता होऊन बसले आहेत, त्यांची सुरुवात बहुधा अशाच सद्हेतूने केलेल्या खर्चातून झालेली असते.

विरोध आणि तज्ज्ञांचा सल्ला

पूर्णवेळ माणूस आला की जुन्या मंडळींना अडचण वाटू लागते. वॉशिंग्टनमध्येही कार्यकारिणीतल्या काहींना वाटत होते की सदस्यत्वाची योजना चालणार नाही आणि हा तरुण मासिकाचा दर्जा खाली आणील. त्याच काळात न्यूयॉर्कचे यशस्वी मासिक-प्रकाशक एस. एस. मॅक्‌क्लुअर यांचा सल्ला घेतला गेला. त्यांनी सांगितले की मासिकाचे नाव सोपे करा, कचेरी न्यूयॉर्कला हलवा, सदस्यत्वाची कल्पना सोडून द्या आणि दुकानांतून विक्री वाढवा. सल्ला देणारा माणूस त्या धंद्यातला सर्वांत यशस्वी माणूस होता, त्यामुळे तो डावलणे सोपे नव्हते. ग्रोव्हनर विवाहासाठी परदेशी गेला असताना छपाई न्यूयॉर्कला हलवलीही गेली. तो परतल्यावर ती पुन्हा वॉशिंग्टनला आणण्यात आली. या साऱ्या वादात बेल त्याच्या बाजूने ठाम राहिले.

मॅक्‌क्लुअर यांचा सल्ला त्यांच्या मासिकासाठी अचूक होता. संस्थेसाठी नव्हता, कारण त्यांनी मासिक पाहिले, त्यामागची संस्था पाहिली नाही. सल्लागाराला बोलावण्यापूर्वी अध्यक्षाने आपल्याशी ठरवून ठेवावे की कोणत्या गोष्टी बदलण्यास मोकळ्या आहेत आणि कोणत्या नाहीत. मुखपृष्ठ, कागद, अंकाची पाने, किंमत या पहिल्या प्रकारातल्या. संस्थेचे सदस्यांशी असलेले नाते दुसऱ्या प्रकारातले.

विरोधकांशी वागताना बेल यांच्या एका मर्यादेपासून सावध राहावे. ते उन्हाळाभर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधील बॅडेक येथे, आपल्या प्रयोगांत असत. अध्यक्ष दूर असला की कार्यकारिणीतले मतभेद कार्यालयातल्या माणसावर उतरतात. अध्यक्षाला सतत हजर राहणे जमणार नसेल तर निदान ठराव आधीच करून ठेवावा की आपल्या अनुपस्थितीत छपाई, कचेरीची जागा आणि कर्मचारी यांबाबत कोणताही बदल पूर्ण सभेशिवाय होणार नाही.

अंकात काय असावे

हेरोडोटसपासून डार्विनपर्यंत काही प्रवासवर्णने शतकानुशतके का टिकली याचा विचार कर, असे बेल यांनी ग्रोव्हनरला सांगितले. त्याने ती वाचली आणि त्याच्या लक्षात आले की लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले, साध्या भाषेत आणि अचूक सांगितले आहे, म्हणून ती टिकली. चित्रांविषयीही बेल यांचा आग्रह होता. हाफटोन ठशांमुळे, म्हणजे बारीक ठिपक्यांतून चित्र उमटवणाऱ्या ठशांमुळे, छायाचित्र छापणे पोलादी खोदकामापेक्षा पुष्कळ स्वस्त झाले होते, आणि वॉशिंग्टनमधल्या सरकारी खात्यांकडे छायाचित्रे आणि तयार ठसे पडून होते. ते मागून घेतले की खर्च आणखी घटे. आपल्याकडेही अशी सामग्री हाताशी आहे. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाची जिल्हा गॅझेटिअर, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आणि इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरची उपग्रहचित्रे यांवरून स्थानिक अंकाचा कितीतरी मजकूर उभा राहू शकतो. वापरण्यापूर्वी त्या त्या विभागाच्या अटी वाचून घ्याव्यात आणि श्रेय छापावे.

एखादी मोठी नैसर्गिक घटना घडली तर अध्यक्षाने ताबडतोब हालचाल करावी. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे २८ हजार माणसे मरण पावली. संस्थेने रॉबर्ट हिल, इस्रायल रसेल आदी अभ्यासकांना त्वरेने तिकडे पाठवले आणि त्यांचे वृत्तान्त मासिकात आले. माळीणची ३० जुलै २०१४ची किंवा इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ची दरड आठवून पाहावी. अशा वेळी बचावकार्यात अडथळा न आणता, प्रशासनाच्या परवानगीने, पुढच्या काही आठवड्यांत उताराचा कोन, मातीची जाडी, पाण्याचे प्रवाह आणि गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणे हे जिल्ह्यातल्या भूगोल मंडळाला जमण्याजोगे आणि त्याच्याच वाट्याचे काम आहे. त्यासाठी दोन-तीन सदस्यांची तुकडी आणि प्रवासखर्चाची छोटी तरतूद आधीपासून असावी.

पद सोडण्याची वेळ

बेल १९०३मध्ये अध्यक्षपदावरून बाजूला झाले. त्याच वर्षी ग्रोव्हनर पूर्ण अर्थाने संपादक झाला. संस्थेला स्वतःची वास्तू नव्हती, ती हबर्ड आणि बेल कुटुंबीयांनी हबर्ड यांच्या स्मरणार्थ बांधून दिली. पाच वर्षे हा कालावधी मला योग्य वाटतो. पहिले वर्ष दप्तर लावण्यात जाते, दुसरे माणूस नेमण्यात, तिसरे आणि चौथे वादांत, आणि पाचव्या वर्षी बसवलेली घडी अध्यक्षाशिवाय चालते की नाही हे पाहता येते.

ती चालली याचा पुरावा लवकरच मिळाला. जानेवारी १९०५च्या अंकात अकरा पाने रिकामी राहत होती. तेवढ्यात सेंट पीटर्सबर्गच्या भूगोल संस्थेकडून एक पाकीट आले. त्यात त्सिबिकोव्ह आणि नोर्झुनोव्ह या प्रवाशांनी घेतलेली तिबेटमधल्या ल्हासाची छायाचित्रे होती, विनामूल्य छापण्याच्या परवानगीसह. ग्रोव्हनरने कोणाला न विचारता अकराही पाने त्या छायाचित्रांना दिली. आपली नोकरी जाईल अशी धास्ती त्याला होती. लोकांनी मात्र रस्त्यात थांबवून त्याचे अभिनंदन केले. १९०४च्या सुमारास साडेतीन हजारांच्या आत असलेली सदस्यसंख्या १९०५ संपताना अकरा हजारांच्या पुढे गेली होती. हा निर्णय घेताना त्याला अध्यक्षांची अनुमती शोधावी लागली असती तर अंक वेळेवर निघाला नसता. तसे अधिकार बेल यांच्याच काळात त्याच्या जागेला मिळत गेले होते.

पद सोडताना पुढच्या अध्यक्षाच्या हाती काय द्यायचे ते आदल्या वर्षीच तयार ठेवावे. वर्गणी भरलेल्या सदस्यांची शुद्ध यादी, शिफारशींची वही, कर्मचाऱ्याच्या अधिकारांचा ठराव, छापखान्याशी झालेला करार, आणि मिळालेल्या छायाचित्रांच्या परवानगीची पत्रे एकाच फायलीत असावीत. ती फाईल सभेत, इतिवृत्तात नोंद करून द्यावी, आणि चेंज रिपोर्टची नव्वद दिवसांची मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाईल, हे नव्या अध्यक्षांना त्याच वेळी सांगावे.